इतकं दुखत होतं, तर अशी शांत कशी बसलीस?

ताई,

मी 28 वर्षांची आहे. पुण्यात आईबरोबर राहते आणि हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. गेल्या वर्षी मला ऑटिझम असल्याचं, म्हणजे माझ्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असल्याचं, निदान झालं. लहानपणापासून हट्टी, शिष्ट, माणूसघाणी हेच ऐकत आले होते. निदान ऐकून मी रडले, पण ते सुटल्यासारखं वाटून.

ऑफिसात आता कुणालाच ठरलेली जागा नाही. रोज जी रिकामी सापडेल तिथं बसायचं. मला बहुतेक वेळा पॅन्ट्रीजवळची खुर्ची मिळते. मायक्रोवेव्हची शिटी, खुर्च्या सरकवल्याचा आवाज, चार जणांचे चार फोन. तीन वाजेपर्यंत डोकं बधिर होतं. घरी आले की अंधार करून पडून राहते. टीममध्ये सर्वांत जास्त बग मी शोधते, तरी अप्रेझलमध्ये मॅनेजरनं लिहिलं, ‘काम उत्तम, पण टीममध्ये मिसळत नाही.’

जूनमध्ये पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दहापैकी किती? मी म्हटलं, दहा म्हणजे काय ते आधी सांगा. ते चिडले. ‘इतकं दुखत असतं तर अशी शांत बसली असतीस का?’ म्हणाले आणि ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. आईला मात्र त्याच रात्री कळलं होतं. मी वरण आणि भात ताटात नेहमी वेगळा ठेवते, त्या रात्री ठेवला नाही. दोन दिवसांनी अपेंडिक्स फुटलं आणि तातडीनं ऑपरेशन करावं लागलं.

ऑफिसात सांगू का? आई म्हणते, बोभाटा होईल, स्थळं यायची थांबतील. आणि सरकारी दिव्यांग प्रमाणपत्र काढू का?

— नाव छापू नका, पुणे

*

तू ताई म्हणालीस, म्हणून अगंतुगं करते. तुझा प्रश्न ऑफिसचा आहे, पण मी आधी दवाखान्याचं बोलणार आहे. ऑफिसात बिनसलं तर नोकरी बदलता येते. दवाखान्यात जे झालं ते जिवावर बेतलं होतं, आणि ते पुन्हा होऊ नये ह्याची तयारी आजच करायला हवी.

डॉक्टरांनी तुझ्या पोटाआधी तुझा चेहरा तपासला. पोट धरून वाकलेला, विव्हळणारा माणूस म्हणजे दुखणं, ही खूणगाठ त्यांच्या मनात पक्की होती. ऑटिस्टिक माणसाचं दुखणं चेहऱ्यावर उमटेलच असं नाही. कुणी एकदम गप्प होतं, कुणी येरझाऱ्या घालत राहतं, कुणी तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतं. काहींना तर भूक, तहान, दुखणं ह्या शरीराच्या आतल्या खुणा ओळखायलाच वेळ लागतो, मग बोट ठेवून कुठं दुखतंय ते सांगणार कसं? आणि तू ‘दहा म्हणजे काय’ विचारलंस तो अजिबात आगाऊपणा नव्हता. मोजपट्टी हातात दिली तर तिचं टोक कुठं आहे हे विचारायला नको? ‘आजवर सगळ्यात जास्त दुखलं होतं ते दहा धर,’ एवढं एक वाक्य त्यांनी बोलायला हवं होतं. ते बोलले नाहीत, आणि अपेंडिक्स फुटेपर्यंत वेळ गेला. मला ह्याचा राग येतो, आणि तुलाही आला तर तो गिळू नकोस.

पण तुझ्या घरात एक माणूस होतं ज्यानं बरोबर ओळखलं. वरण भातात कालवलेलं बघून आईनं ओळखलं. ही खूण कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात नाही, ती फक्त तुमच्या स्वयंपाकघरात आहे. म्हणून ती कागदावर यायला हवी.

अर्ध्या पानाचा कागद कर. एक प्रत पर्समध्ये, एक आईकडे, आणि त्याचा फोटो फोनमध्ये. वर तुझं नाव, रक्तगट, ज्या औषधांचा त्रास होतो ती औषधं आणि आईचा नंबर. त्याखाली साध्या वाक्यांत लिही: ‘मी ऑटिस्टिक आहे. फार दुखत असलं तरी माझा आवाज आणि चेहरा शांत राहतो. मी जेवणातले पदार्थ वेगळे ठेवायचे थांबवले, तर दुखणं गंभीर आहे असं समजा. आकड्याऐवजी मला विचारा की चालता येतंय का, झोप लागली का, कालपेक्षा आज जास्त आहे का. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तराला थोडा वेळ द्या. हात लावण्याआधी सांगा. सूचना लिहून द्या.’ बास. मोठा इतिहास लिहू नकोस. रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या, झोप न झालेल्या निवासी डॉक्टरला एका नजरेत वाचता आलं पाहिजे.

कागद दाखवला म्हणजे ऐकतीलच, असं मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर मॅकगोवन नावाचा 18 वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा 2016 साली फिट्स येतात म्हणून रुग्णालयात दाखल झाला. एका प्रकारच्या मनोविकाराच्या औषधांनी त्याला पूर्वी त्रास झाला होता. त्यानं स्वतः आणि त्याच्या आईवडिलांनी ती देऊ नका असं सांगितलं, तरी औषध दिलं गेलं. मेंदूला सूज आली आणि तो गेला. त्याच्या आईनं पुढं पाठपुरावा सोडला नाही. 2022 च्या कायद्यानं तिथल्या आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांना ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमतेविषयीचं प्रशिक्षण बंधनकारक झालं, आणि ते प्रशिक्षण ऑलिव्हरच्या नावानं चालतं. आपल्याकडे तसं काही नाही. ते होईपर्यंत कागद आणि बरोबर एक खमकं माणूस, ह्या दोन्ही गोष्टी लागतील. एकटी जाऊ नकोस.

कायद्याचा आधार मात्र आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 चं कलम 25 म्हणतं की सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाच्या सगळ्या भागांत दिव्यांगांना अडथळ्याविना वावरता आलं पाहिजे, आणि तपासणीत व उपचारांत त्यांना प्राधान्य मिळालं पाहिजे, ह्याची व्यवस्था सरकारनं करायची. अडथळा म्हटलं की आपल्याला जिना आठवतो, रॅम्प आठवतो. तुझ्यासाठी अडथळा म्हणजे ट्यूबलाइट, टीव्ही आणि चाळीस माणसांनी भरलेली ओपीडीची खोली. तेव्हा काउंटरवर निःसंकोच सांग की मी बाहेर पार्किंगमध्ये थांबते, नंबर आला की फोन करा. मागे एका कर्णबधिर वाचकानं लिहिलं होतं की ओपीडीत नाव पुकारतात ते ऐकू येत नाही आणि दर वेळी नंबर जातो. नंबर पुकारण्याबरोबर फळ्यावर दिसला तर त्याचं काम होतं, तुझंही होतं, आणि नातवाला घेऊन आलेल्या, कानानं कमी ऐकणाऱ्या आजोबांचंही होतं.

आणखी एक. त्या पहिल्या दवाखान्याकडून तुझे केसपेपर मागून घे. लेखी मागितले की 72 तासांत द्यावे लागतात. मग तिथल्या प्रमुखांना एक पानाचं पत्र लिही: काय सांगितलं, काय विचारलं, काय झालं. भांडायला नको, फक्त तारखा आणि वाक्यं. महाराष्ट्रात सुश्रूषागृहांच्या 2021 च्या नियमांप्रमाणे रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. तिचा उल्लेख कर. उत्तर येईल न येईल, पण पुढच्या शांत बसलेल्या पेशंटला कदाचित कुणी पुन्हा विचारेल.

आता ऑफिस.

‘टीममध्ये मिसळत नाही’ हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं. असं वाक्य मी स्वतः लिहिलेलं आहे. मी 22 वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात होते. आमच्याकडे खंडेनवमी जोरात व्हायची. यंत्रांना झेंडूच्या माळा, शेडमध्ये ढोल-ताशा, पत्र्याचं छत नुसतं थरथरायचं. एका वर्षी स्टोअरमधला एक जण दिसेना म्हणून मी शोधायला गेले. सायकल स्टँडच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कानांत बोटं खुपसून उभा होता. मी त्याचा दंड धरून त्याला आत आणायला लागले. ‘सगळे आहेत, तुझंच काय वेगळं?’ त्यानं हात हिसडला, माझ्या हातातलं पेढ्यांचं ताट पडलं. वर्षअखेरीच्या अहवालात मी लिहिलं, ‘सहकाऱ्यांशी वर्तन उद्धट.’ त्या वर्षी त्याची वेतनवाढ अडली. स्टोअरची मोजणी त्याच्या काळात एकदाही चुकली नव्हती, ट्रेकडे नुसतं बघून तो नट किती आहेत ते सांगायचा. त्याला काय होतं ते कुणी कधी तपासलं नाही. पुढं तो नोकरी सोडून गेला. त्याच्या फाइलमधली ती ओळ माझ्या अक्षरात आहे आणि मला आता ती खोडता येत नाही.

म्हणून तुझ्या मॅनेजरला मी दुष्ट म्हणणार नाही. त्यानं तेच केलं जे मी केलं. वागणं पाहिलं, कारण विचारलं नाही. ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी 2012 मध्ये मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही हे अर्धंच चित्र आहे; इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन तितकंच कळत नाही. तुटलेपण दोन्ही बाजूंनी असतं. मिसळण्याचं ओझं मात्र एकाच बाजूवर टाकलं जातं, तुझ्या.

तू विचारतेस, सांगू का? मी म्हणते, आधी काय हवंय ते ठरव, मग कुणाला किती सांगायचं ते आपोआप ठरेल. ‘मला ऑटिझम आहे’ एवढंच सांगितलंस तर समोरचा माणूस गांगरेल, किंवा सिनेमात पाहिलेलं काहीतरी आठवून तुझ्याशी हळू आवाजात बोलायला लागेल. ‘मला पॅन्ट्रीपासून लांबची ठरलेली जागा हवी’ असं सांगितलंस तर त्याला काय करायचं ते कळेल. मॅनेजरला गरज कळू दे. निदान सांगायची वेळ आलीच तर ते मनुष्यबळ विभागाला, लेखी, वर ‘गोपनीय’ असं लिहून. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला काहीही सांगायला तू बांधील नाहीस. एखादी मैत्रीण झाली आणि सांगावंसं वाटलं, तर ती गोष्ट वेगळी.

मेलचा मसुदा देते, इंग्रजीत तुझा तू कर. ‘गेल्या वर्षात टीममध्ये सर्वांत जास्त दोष मी शोधले. ही गुणवत्ता टिकवण्यासाठी मला तीन गोष्टी लागतील. पॅन्ट्री आणि ये-जा ह्यांपासून लांब, भिंतीला पाठ असलेली कायमची जागा. तोंडी दिलेल्या सूचना नंतर दोन ओळींत लेखी. मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी. तीन महिन्यांनी आपण आकडे पाहून ठरवू.’ आवाज कापणारे हेडफोन आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम हे पुढच्या फेरीला ठेव. सगळं एकदम मागितलं की ‘बघू’ असं उत्तर येतं, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून खूपदा दिलेलं आहे. आणि प्रत्येक तोंडी बोलण्यानंतर ‘आपलं असं ठरलं’ म्हणून दोन ओळींचा मेल टाकत जा.

ह्याला सवलत म्हणू नकोस, आणि दुसऱ्यानं म्हटलं तर दुरुस्त कर. तुझ्या टीममध्ये कुणाला चष्मा असेलच. तो काढून काम करायला त्याला कुणी सांगत नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. 1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या कायद्यात, जो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला, ते 21 झाले, आणि ऑटिझम त्यात नावानिशी आला. सरकारी मराठी कागदावर तुला ‘स्वमग्नता’ हा शब्द भेटेल. मला तो पटत नाही. रोजच्या गोंगाटात एकेका आवाजाची नोंद ठेवणारी मुलगी स्वतःत मग्न कशी? तू स्वतःला ऑटिस्टिक म्हणतेस, मीही तेच म्हणेन. तर त्या कायद्यात ‘वाजवी सोय’ अशी कल्पना आहे: समोरच्यावर अवाजवी भार न टाकता केलेला आवश्यक आणि योग्य तो बदल. एक खुर्ची कोपऱ्यात हलवण्याचा भार हिंजवडीतल्या कुठल्या कंपनीला झेपणार नाही? शिवाय कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं, खासगीसुद्धा, समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांसाठीच्या सोयी आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकही हवी. तुमच्या कंपनीचं धोरण शोध. सापडलं नाही तर मनुष्यबळ विभागाला मेलवर विचार, ‘आपलं समान संधी धोरण कुठं वाचायला मिळेल?’ नुसता हा प्रश्नसुद्धा कामाला येतो. धोरण नसल्याचं उत्तर लेखी द्यायला कुणालाच आवडत नाही.

तुला खोटी आशा दाखवणार नाही. सरकारी नोकरीत कायद्याची पकड घट्ट आहे: 4 टक्के आरक्षण, त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता ह्यांना मिळून; सोयी देण्याचं थेट बंधन; तक्रारीसाठी नेमलेला अधिकारी. खासगीत तीच पकड सैल होते. तरी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि ते कार्यालय तुझ्याच शहरात आहे. ते शेवटचं पाऊल. पहिली दोन-तीन मेल्स शहाणपणानं लिहिलीस तर तिथवर जावं लागू नये.

प्रमाणपत्राचं म्हणशील, तर त्यावर अपंगत्वाची टक्केवारी लिहिलेली असते. पण सोय मागायला 40 टक्के अपंगत्वाची अट नाही. विकास कुमार ह्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, आणि ठरावीक टक्केवारीत बसत नाही म्हणून त्याला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2021 मध्ये त्याच्या बाजूनं निकाल दिला: लेखनिकाची सोय 40 टक्के अपंगत्वाशी बांधता येणार नाही. तेव्हा ‘आधी 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र दाखवा’ असं कुणी म्हणालं, तर हा निकाल लक्षात असू दे. मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र जोड आणि मागणी पुढं रेट.

आरक्षण, आयकरातली 75,000 रुपयांची वजावट (जुन्या पद्धतीनं विवरण भरत असशील तर), केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही 1 लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना, ह्यांतलं काही हवं असेल तर मात्र प्रमाणपत्र लागतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. ऑटिझमसाठी 40 मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात दिसणाऱ्या वागण्याला वजन आहे, आणि तू तर आयुष्यभर झाकून वागायला शिकलीस. म्हणून जाताना निदानाचा सविस्तर अहवाल, शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं, शेरे असतील तर उत्तमच, आणि आईला घेऊन जा. तुझं लहानपण तिनं पाहिलंय. टक्केवारी कमी आली तर तू कमी ऑटिस्टिक आहेस असा अर्थ काढू नकोस. मी तुझ्या जागी असते तर काढून ठेवलं असतं, पण मेल पाठवायला त्याची वाट बघितली नसती.

राहिली आई. तिच्यावर चिडू नकोस गं. तिनं अशा मुलींची लग्नं मोडलेली पाहिली असतील, पोलिओ झालेल्या बहिणीला पाहुण्यांसमोर आणायचं नाही ही पद्धत पाहिली असेल. ती लोकांना ओळखून बोलतेय. पण ऑफिसची गोष्ट आणि स्थळाची गोष्ट ती एकाच डब्यात भरतेय, ते वेगळं करून दाखव. मॅनेजरला जागा बदलून मागितली ह्याची बातमी कुठल्याही वधू-वर सूचक मंडळात पोचत नाही. आणि लग्नाचं ठरेल तेव्हा त्या माणसाला तू स्वतः, पहिल्या दोन-चार भेटींतच सांगायचंस. वरण-भात वेगळा का, दिवे का मालवलेले, हे ज्याच्यापासून रोज लपवावं लागेल त्याच्या घरात तू महिनाभरही टिकणार नाहीस. ते ऐकून जो निघून जाईल, तो गेलेला बरा. हे आईला पटायला वेळ लागेल, लागू दे.

तिला आजच एक काम सांग. जेवणं झाली की कागद-पेन घेऊन बस आणि विचार, ‘मला बरं नसतं तेव्हा तुला कशावरून कळतं?’ ती बोलेल तसं, तिच्याच शब्दांत लिहून घे. तापात तू काय करतेस, दाढ दुखली होती तेव्हा काय केलं होतंस, पाळीच्या दिवसांत. तुला स्वतःला ठाऊक नसलेल्या चार-सहा खुणा तरी निघतील. त्या दवाखान्याच्या कागदावर चढव, आणि मेल सोमवारी सकाळी, ऑफिस भरायच्या आधी पाठव.

तुझी,
ताई